दीडशे अंशांवरची चाळीस मिनिटं

माझी बायको कोकिळा गेल्याचं मला पावणेबारा वाजता कळलं. हे खरं आहे, आणि बरेच दिवस सगळ्यांना एवढंच माहीत होतं. बुधवार होता. आमच्याकडे फोन गेटवर जमा करावे लागतात, आत नेऊ देत नाहीत. तिथे लाकडी खणांचं कपाट आहे, त्यातला सात नंबरचा खण माझा. मी खण उघडला तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. सहा नीराबाईंचे, पाच मुलीचे, मृणालचे. नीराबाई आमच्या शेजारच्या. मी त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला. मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, सावकाश या." तेव्हा मला कळलं. गेटवरचे कोंडाजी पाठमोरे उभे राहून पिंपात पाणी भरत होते. पिंप भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी ते वळले नाहीत. मी गाडी काढली. चौलच्या वाड्यांमधून जाताना सुपारी सोलायला बसलेल्या बायका दिसल्या, नागावजवळ नारळाचा टेम्पो आडवा लागलेला होता, त्याच्या मागे मी निमूट थांबलो. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. सावकाश या, असं सांगितलेलं होतं.

आमच्या जागेला गावात पेंढ्याची कंपनी म्हणतात. बोर्डावर मोठं नाव आहे, ते कोणी घेत नाही, आम्ही नुसतं केंद्र म्हणतो. भाताचा पेंढा आणतात, त्याची कुट्टी करतात, धुतात, आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून मोठ्या बंद भांड्यात शिजवतात. दीडशे अंश, एक तास. भांड्याला डायजेस्टर म्हणायचं, पण कोकिळा त्याला तुमचा कुकर म्हणायची, मग मीही कुकरच म्हणायला लागलो. शिजून झाल्यावर वाफ सोडायची, काळं पाणी खाली काढायचं, वर राहतो तो फिकट, मऊ लगदा. त्या लगद्यातून पुढे साखर करतात, साखरेतून इंधन. काळ्या पाण्यात आम्ल घातलं की तपकिरी गाळ खाली बसतो, ते लिग्निन. पाहुणे आले की साहेब मला सांगायला लावतात, आणि मी सांगतो की लिग्निन म्हणजे काडीला उभं ठेवणारा गोंद. तो काढून घेतला की काडी उभी राहत नाही. पाहुणे माना हलवतात. मी दहावीपर्यंत शिकलो, त्यापुढचं सगळं अशा भांड्यांशेजारी उभं राहून शिकलो, आधी एकोणीस वर्षं खताच्या कारखान्यात आणि आता सहा वर्षं इथे. भांडं तापत असताना दर पाच मिनिटांनी वहीत तापमान आणि प्रेशर लिहायचं असतं. त्या बुधवारचं पान मी नंतर काढून पाहिलं. अकरा पाचपासून अकरा चाळीसपर्यंतचे आठ आकडे माझ्याच हातचे आहेत. अक्षर एकसारखं आहे, कुठे हात हललेला नाही. ते पान पाहून मला माझीच भीती वाटली.

कारण अकरा वाजून पाच मिनिटांनी कोंडाजी आत आले होते. गेट सोडून ते कधी येत नाहीत. बॉयलरचा आवाज होता म्हणून ते अगदी जवळ येऊन, टोपी काढून बोलले, "रावजीभाऊ, घरनं फोन हाय. बाईंना दवाखान्यात नेलंय. लगेच या, बोलतात." मी म्हटलं, हो, येतो. ते गेले. मी गेज पाहिलं. एकशे अठ्ठेचाळीस अंश, प्रेशर चार किलोला थोडं कमी. मी वाफेचा व्हॉल्व्ह किंचित उघडला, दीडशेवर आणलं आणि वहीत लिहिलं. सुजित मागच्या बाजूला ड्रम भरत होता, तीस पावलांवर. तो माझ्याइतकाच जाणता ऑपरेटर आहे, माझ्यापेक्षा चांगला असेल. त्याला हाक मारायची होती, एवढंच. सुजित, बघ रे जरा, मी निघतो. हे सहा शब्द मी तेव्हापासून किती वेळा म्हटले असतील, भाजी चिरताना, गाडी चालवताना, दाढी करताना आरशात. म्हणायला तीन सेकंद लागतात.

का थांबलो, याला मी वेगवेगळी कारणं देऊन पाहिली आहेत. कोकिळेला दमा होता आणि पुढे हृदयाचंही निघालं होतं. याआधी दोनदा तिला असंच नेलं होतं आणि दोन्ही वेळा मी धावत गेलो तेव्हा ती कॉटवर बसून चहा पीत होती. दुसऱ्या वेळी तर चिडली. बोलली, "काम टाकून कशाला आलात? मी काय पलून चालली?" शेजारच्या कॉटवरची बाई हसली आणि मी बावळटासारखा उभा राहिलो. तेव्हा या वेळीही ती चहाच पीत असेल असं मी धरून चाललो, असं म्हणता येईल. दुसरं कारण कुकरमध्ये होतं. त्या दिवशी त्यात खारेपाटातला पेंढा होता, कोकिळेच्या माहेरचा. तिकडे खाडीला बांध घालून शेती करतात, जमिनीत मीठ, म्हणून पेंढ्यातही मीठ. मीठ भांड्याचं स्टील खातं, म्हणून आमचे साहेब तो पेंढा घेत नव्हते, आतल्या गावांचाच घ्यायचे. तिचा भाऊ दरवर्षी विचारायचा आणि ती दरवर्षी मला बोलायची. पेंढा ओळखण्यात ती आमच्या लॅबच्या पुढे होती. मी खिशातून चार काड्या आणून तिच्यापुढे टाकायचो. ती काडीचं बूड दाताखाली धरून चावायची, डोळे बारीक करायची, आणि सांगायची, ही आतली, ही खाराची, ही बांध फुटला त्या सालची. शेवटची गंमत असायची, पण पहिल्या दोन कधी चुकल्या नाहीत. दोन पाण्यांत रातभर भिजवून बघा, हेही तिनेच सुचवलं. तिच्या आईकडे सुकं खारं मासं असंच दोन पाण्यांत भिजवायचे. साहेब हसले, पण एक खेप करून बघा म्हणाले. ती खेप त्या बुधवारी चढवली होती. सकाळी निघताना ती दारात उभी होती, बोलली, "आज माझं माहेर शिजवताय. जालू नका." तेव्हा मी तिच्यासाठीच थांबलो, तिची खेप बिघडू नये म्हणून, असं म्हणता येतं. ऐकायला चांगलं आहे. म्हणूनच ते मला म्हणवत नाही. तिसरं कारण असं की मी घाबरलो. भांड्यासमोर मला काय करायचं ते माहीत असतं. दवाखान्याच्या दारात माहीत नसतं. पेंढ्यातून मी तीन गोष्टी वेगळ्या काढून तीन बादल्यांत ठेवू शकतो. त्या चाळीस मिनिटांतलं काय किती होतं ते मला काही केल्या वेगळं होत नाही. सगळं एकात एक शिजलेलं आहे.

दवाखान्याच्या कागदावर ती गेल्याची वेळ अकरा वीस अशी आहे. केंद्रापासून अलिबागला दुचाकीने चाळीस मिनिटं लागतात, फार घाई केली तर पस्तीस. म्हणजे कोंडाजींनी सांगितल्याबरोबर निघालो असतो तरी पोचलो नसतो. हा हिशोब मी पहिल्याच रात्री केला आणि मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी कळलं की सुटलो नाही. निघालो असतो तरी पोचलो नसतो, हे खरं. पण निघालो असतो.

हे मनाला असं का लागतं ते समजायला कोंडाजींची एक सवय सांगायला हवी. फोन आत नसल्यामुळे सगळ्यांच्या घरचे फोन गेटच्या लँडलाइनवर येतात. बायका विचारतात, आमचे हे निघाले का? आणि माणूस अजून अंघोळ करत असो, कॅरम खेळत असो, कोंडाजी बोलणार, "निघाले." न चुकता. कोणाच्या घरी भांडण नको म्हणून. केंद्रात हा विनोदच होता. कोणी काम टाळत बसला असेल तर सुजित म्हणायचा, तो काय, कोंडाजीचा निघालेला. बायकांनाही ठाऊक होतं. कोकिळा तर मोजून सांगायची, कोंडाजी निघाले बोलला म्हणजे अजून अर्धा तास, भात आत्ता लावत नाही. तो नंबर तिला पाठ होता. त्या दिवशी रिक्षात, श्वास पुरत नसताना, तिनेच आकडे एकेक करून नीराबाईंना सांगितले. नीराबाईंनी लावला, कोंडाजींनी आत येऊन मला सांगितलं, परत जाऊन फोन उचलला आणि बोलले, "निघाले." त्यांच्या मते ते पहिल्यांदाच खरं बोलत होते. बायकोला दवाखान्यात नेलंय म्हटल्यावर माणूस निघणारच. नीराबाईंनी कोकिळेला सांगितलं, भाऊ निघाले. त्यावर ती काय बोलली ते मी नीराबाईंना विचारलेलं नाही. ती हसली का, एवढंही विचारलेलं नाही.

आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. माझ्या कपड्यांना शिजलेल्या पेंढ्याचा वास होता, ओल्या गोणपाटासारखा. नीराबाई बाकावरून उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला सांगितलंच न्हाय काय त्या गेटवाल्यानं?" मी मान हलवली. नाही अशी. तेवढंच. तोंडाने एक शब्द बोललो नाही. पुढचं सगळं नीराबाई बोलल्या, मृणाल पनवेलहून पोचल्यावर तिला, मग माझ्या मेव्हण्याला, मग जो येईल त्याला. निरोप दिलाच नाही आणि वर खोटं सांगितलं, निघाले म्हणून. दहाव्याला रेवदंड्याच्या खाडीवर गेलो तेव्हा तिथे आलेल्या परक्या माणसांनाही ते माहीत होतं. केंद्रातून आठ-दहा जण आले होते. कोंडाजीही आले होते, मागे, होड्या ओढून ठेवल्या होत्या तिथे उभे. मृणालने त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. पिंडाला कावळा शिवायला फार वेळ लागला. कोणीतरी म्हणालं, काहीतरी इच्छा राहिली आहे, बोला. मेव्हणा बोलला की लेकीचं लग्न चांगल्या घरी करू. मग तो बोलला, पेंढ्याचं बघू. मृणाल हळूच काहीतरी बोलली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी नुसते हात जोडले, आणि मान वर केली तर कोंडाजी माझ्याकडेच पाहत होते. रागाने नाही. गेटवर पाहतात तसे, गाडी आत येणार आहे की मागे जाणार आहे ते बघत. थोड्या वेळाने कावळा शिवला. कशाने शिवला ते कळलं नाही.

आता घरात मी एकटा असतो. अलिबागला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. माझे कामाचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, कॉस्टिकमुळे तिच्या साड्या विरतात म्हणून. अजून मी वेगळ्याच बादलीत भिजवतो. दुसरी बादली कोरडी असते. भात जास्त होतो, कितीही कमी लावला तरी. संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसावं म्हटलं तर तिथे मुंबईची माणसं घोडागाडीत बसून फोटो काढत असतात आणि मी पायांतल्या चपला हातात धरून त्यांच्यामधून जातो, जसा मीच बाहेरगावचा. मृणाल दर शनिवारी येते. ती पनवेलला एका औषधांच्या कंपनीत नोकरी करते, आईसारखी ठेंगणी, आईसारखीच पटकन बोलणारी. आली की डबे उघडून बघते, तांदळाला पोरकिडे लागलेत म्हणते, ऊन दाखवते. आम्ही तिच्या आईबद्दल फारसं बोलत नाही. बोललो तर कोंडाजींवर जातो. मागच्या महिन्यात तिने मला न विचारता आमच्या साहेबांना मेल लिहिला. वाचून दाखवला तेव्हा तो गेलेला होता. भाषा स्वच्छ होती. कामात हयगय, जाणूनबुजून खोटी माहिती, एका स्त्रीला अखेरच्या क्षणी. मी म्हटलं, कशाला, म्हातारा माणूस आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या चांगुलपणाचा मला कंटाळा आलाय." आणि मग रडली. तिला राग येतो तेव्हा ती थोडी बरी असते, हे मी पाहिलं आहे. जेवते. राग नसतो तेव्हा ताटापुढे नुसती बसते. कोंडाजींवरचा तिचा राग मी काढून घेतला तर ती उभी कशावर राहील, हे मला कळत नव्हतं. आणि तो राग जाऊन जाऊन कुठे जाईल ते कळत होतं.

साहेबांनी कोंडाजींना बोलावून विचारलं. ते बोलले, "इसरलो. वय झालं." दोन वाक्यांत विषय संपला. ते एजन्सीचे माणूस, कायम नाहीत. महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं. हे मला सुजितने डबा खाताना सांगितलं आणि वर म्हणाला की बरं झालं, तुझ्यासमोर रोज उभा कसा राहत होता कोण जाणे. मी भाकरीचा तुकडा मोडला. तो परत डब्यात ठेवला. त्याच आठवड्यात लॅबचा कागद आला होता, खारेपाटाच्या खेपेचा. लगदा चांगला, मीठ मर्यादेत. दोन पाण्यांत भिजवलेला पेंढा घ्यायला हरकत नाही, असं खाली लिहिलं होतं. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मला आनंद होईल. मेव्हण्याला मी अजून कळवलं नव्हतं.

रविवारी मी कोंडाजींच्या घरी रेवदंड्याला गेलो. आगरकोट किल्ल्याच्या भिंतीला लागून त्यांचं घर, अंगणात वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घातलेले. त्यांची बायको सखुबाई मला ओळखत नव्हती. तिने नाव विचारलं, मी सांगितलं, आणि ती आत निघून गेली. पाणी विचारलं नाही. कोंडाजी बाहेर आले, बनियनवर. गेटच्या टोपीशिवाय ते वेगळेच दिसत होते, कपाळावर टोपीची पांढरी रेघ. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. ते मांजराला हाकलत राहिले. मग मी म्हटलं की मी साहेबांना खरं काय ते सांगणार आहे.

"सांगा," ते बोलले. "मंग पोरीला काय सांगाल?"

मी वलांडीवरच्या बोंबलांकडे पाहिलं.

"मी इसरलो बोललो ते तुमच्यासाठी न्हाय, रावजीभाऊ," ते बोलले. "मी फोनवर निघाले बोललो ना. तुमाला बघितलं बी न्हाय निघताना. वीस वर्सं बोलतो तसाच बोललो. ती बाई माझा सबुद शेवटचा धरून गेली. मंग काय बोलायचं राह्यलं?"

मी म्हटलं, चूक माझी होती. ते बोलले, असंल. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, कुकरात काय होतं तवा? मी म्हटलं, खारेपाटाचा पेंढा. ते बोलले, "बरा निघाला काय?" मी म्हटलं, बरा निघाला. त्यांनी मान हलवली. हे त्यांनी का विचारलं ते मला माहीत नाही. कदाचित बोलायला काहीतरी हवं होतं. आतून सखुबाईने भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला आणि मी उठलो. निघताना त्यांनी मला थोडे बोंबील कागदात बांधून दिले. मी नको म्हटलं, पण घेतले.

सोमवारी मी साहेबांना लिहून दिलं. तोंडाने सांगितलं असतं तर मी परत नुसती मान हलवली असती, म्हणून लिहिलं. वहीत लिहितो तसंच लिहिलं, कारण दुसरं लिहिता येत नाही. अकरा पाच, कोंडाजी यांनी आत येऊन निरोप दिला. तापमान एकशे अठ्ठेचाळीस. मी निघालो नाही. सुजित हजर होता, त्याला बोलावलं नाही. अकरा चाळीस, तास पूर्ण. वाफ सोडायला घेतली. अकरा पंचेचाळीस, गेटवर आलो. खाली सही. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, हे लिहून द्यायची गरज होती का? मी म्हटलं, होती. ते म्हणाले, एजन्सीने दुसरा माणूस पाठवलाय, बघतो काय करता येतं ते. सुजितला दुपारपर्यंत कळलं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी डबा खाताना सुजित समोर बसला नाही, नंतर येऊन शेजारी बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मी तिथंच होतो रे." एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. गेटवर नवीन माणूस आहे. तो फोन उचलून नाव विचारतो, होल्ड करा म्हणतो आणि खरंच आत येऊन बघून जातो. कोंडाजींना पुढच्या महिन्यात परत घेतील असं म्हणतात, नक्की नाही.

मेव्हण्याला फोन करून सांगितलं की पेंढा घेणार आहेत, पण पावसाआधी दोन हौद बांधावे लागतील. तो रडायला लागला आणि म्हणाला, ताई असती तर. मी म्हटलं, हो.

मृणाल या शनिवारी आली होती. बोंबील बघून तिने विचारलं, कोणी दिले? मी म्हटलं, रेवदंड्याहून आणले. तिने ते दोन पाण्यांत भिजवले, आईसारखे, कांदा घालून परतले. आम्ही दोघं जेवलो. ती दोनदा भात घेऊन जेवली. रविवारी दुपारच्या गाडीने गेली. स्टँडवर मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली, ती म्हणाली, पोचल्यावर फोन करते, आणि तिने केलाही. केंद्रातल्या सगळ्यांना आता माहीत आहे. मृणालला मी अजून सांगितलेलं नाही.